वेणुमतीचा आकाशकुंभ

त्रेतायुगाच्या आरंभी, गंधर्वांचे पृथ्वीवर येणेजाणे अजून थांबले नव्हते, तेव्हा पूर्वसमुद्रापलीकडच्या, आज कोरिया या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भूमीत शंखपाद नावाचे मुनी एका निश्चल सरोवराच्या काठी तप करीत असत. पाऊस सरल्यावर जळात उतरणारे धुतलेले आकाश अनिमिष नेत्रांनी पाहत राहणे, हेच त्यांचे तप. एकदा चित्रपक्ष गंधर्वाने पत्नी वेणुमतीला हसवण्यासाठी त्या जळात उडी घेतली. प्रतिबिंब भंगले आणि मुनींची समाधीही.

“मूढा,” मुनी म्हणाले, “तू माझे आकाश मोडलेस. क्रौंच पक्षी हो. आकाशावाचून तुला थारा नाही. जिथे पाय टेकशील तिथली भूमी तुला जाळील.”

वेणुमतीने त्यांचे चरण धरले. “हसले मी, मुनिवर. शिक्षा एकट्या त्यांनाच का?”

कोप निवळला, पण उच्चारलेला शाप मागे घेता येईना. “माती जेव्हा पावसानंतरचे आकाश होईल, तेव्हा तो स्थिरावेल,” एवढाच उःशाप मिळाला.

देवदारांनी वेढलेल्या टेकडीच्या उतारावर कुंभकार ऋषी मृदायन यांचा आश्रम होता. वेणुमती तिथे गेली.

“गंधर्वस्त्रीची नखे मातीत टिकायची नाहीत,” ऋषी म्हणाले.

“नखे गेली तरी चालतील, आचार्य. ज्यांच्यासाठी राखली, ते वर घिरट्या घालताहेत.”

ती चाकावर बसली. ओलसर कुंभाच्या अंगावर तिने क्रौंच कोरला, त्या खाचेत पांढरी माती भरली, चोच आणि पायांच्या खाचांत काळी; भोवती मेघ रेखले आणि वर राखेची झिलई दिली. काम चालू असता पतीची छाया चाकावरून पुनःपुन्हा सरकत जाई आणि ती मान वर करी. पण भट्टीतून निघणारा प्रत्येक कुंभ वाळल्या गवतासारखा पिवळा निघे.

“अग्नी आणि वायू हे जिवलग मित्र,” मृदायन म्हणाले. “त्यांची भेट झाली की पात्र पिवळे पडते. म्हणून भट्टीचे तोंड लिंपायचे. तू लिंपतेस खरे, पण वरून हाक आली की लिंपण फोडून आत डोकावतेस.”

“आकाशाचा रंग चढला का, ते पाहत होते.”

“तू पाहतेस म्हणूनच तो चढत नाही.”

या कथेतला शाप मुनींचा असला, तरी तो लांबवला तो वेणुमतीच्या उतावळेपणाने, हे अभ्यासकाने ध्यानात घ्यावे.

अखेरची भट्टी पेटली तेव्हा दमून खाली आलेल्या चित्रपक्षाचे पंख देवदारांच्या शेंड्यांना घासू लागले होते.

“वेणू, आता उतरतो. जळालो तर जळालो.”

“अजून एक घिरटी घ्या.”

“दर वेळी हेच म्हणतेस.”

तिने ओल्या मातीने भट्टीचे तोंड लिंपले आणि त्यावर तळवे दाबून धरले. आतून हुताशन गुरगुरला, “केसाएवढी फट ठेव. मित्राला भेटू दे मला. तुझा नवरा वरून पडतोय. रंग चढला असेल तर तो आत्ताच वाचेल. पाहा तरी.”

“पाहून झाले पुष्कळदा,” ती म्हणाली. तिचे तळवे पोळले, कातडी लिंपणाला चिकटली. तिने ते काढले नाहीत.

गुदमरलेल्या अग्नीने मग मातीच्या कणाकणांत दडलेला श्वास शोषून घेतला आणि विझता विझता शापवाणी उच्चारली, “तू मला तळमळायला लावलेस. तुझ्या पात्राची कांती कधीही स्वस्थ राहणार नाही. ती तडकत राहील.”

भट्टी निवली तशी वेणुमतीने लिंपण फोडले. आत पावसानंतरचे आकाश उभे होते: निळे म्हणावे तर हिरवे, हिरवे म्हणावे तर राखेसारखे मवाळ. चित्रपक्ष कोसळत खाली आला, त्याचे पाय कुंभाच्या खांद्याला टेकले, आणि ते जळाले नाहीत. तिने दोन्ही हात पुढे केले. हातांत काहीच आले नाही. क्रौंच तिने कोरलेल्या आकृतीत सामावला होता. पंख पसरलेले, मान ताणलेली.

“हे तर अजून उडतच आहेत,” ती पुटपुटली.

“तू उडताना कोरलेस, बाई,” मृदायन हळूच म्हणाले.

“शापानंतर बसलेले कधी पाहिलेच नाहीत मी.”

तेवढ्यात कुंभातून बारीक, काचेसारखा नाद आला आणि झिलईवर केसासारखी रेघ उमटली. वेणुमतीने पोळलेल्या हातांनी तो कुंभ उचलून कानाशी धरला.

तेव्हापासून क्रौंच त्या हिरव्या आकाशात स्थिर आहे आणि अस्वस्थता पात्राच्या अंगात उतरली आहे. भट्टीतून नुकतेच काढलेले असे पात्र निवताना किणकिणते. कोणी त्याला अग्नीचा निःश्वास म्हणतात. वेणुमती मात्र, कथा सांगते, प्रत्येक नादासरशी विचारीत असे, “दमलात का?”