वाघदेवाची हद्द

वारल्यांच्या वाघदेवाचा डोंगर दगडखाणीला द्यायचा होता. पाड्याने हरकत घेतली, म्हणून प्रांतसाहेब खाणवाल्यांना आणि हवालदाराला घेऊन जागा पाहायला स्वतः आले. म्हणजे निकाल ठरलेला होता, जागा पाहायची तेवढी राहिली होती.

डोंगरावर दाट राई आणि मधोमध वाघ कोरलेला, शेंदूर फासलेला लाकडी खांब. साहेबांनी चारी दिशांना मान फिरवली.

"हे देवस्थान? ना कळस, ना भिंत, ना कुंपण! देवाची जागा सुरू कुठे होते, तेवढे तरी दाखवा. हद्दच नाही, तर मी राखू काय?"

खाणवाले खो खो हसले. साहेबांच्या विनोदाला हसणे हा त्यांच्या धंद्याचाच भाग होता. पाड्याची माणसे मात्र खाली पाहू लागली.

मंगळी वरठा ही म्हातारी तेवढी पुढे झाली. "साहेब, तुमचे बूट कुठं हायेत?"

साहेबांनी पाय पाहिले. ते अनवाणी होते. डोंगराच्या पायथ्याशी पाड्याने वहाणा काढल्या, मग हवालदाराने, मग खाणवाल्यांनी. ते पाहून साहेबांनीही बूट उतरवले होते. कोणी सांगितले नव्हते.

"खाली. त्या ऐनाच्या झाडापाशी."

"मंग हद्द तिथंच लिवा. तुमच्या पायांना कळली, आता हाताला सांगा."

साहेबांनी निकालाचा कागद मागून घेतला. मग हद्दीची पहिली खुंटी त्या ऐनापाशी ठोकली गेली.

खाणवाल्यांना आपले बूट घ्यायला हद्दीबाहेर जावेच लागले.