ढोलीची खिडकी

फार मागची गोष्ट आहे, बरं का. एका ढोलीत धनेश पक्ष्याची बायको अंड्यांवर बसली होती. त्यांच्या रीतीप्रमाणे ढोलीचं तोंड चिखलानं लिंपलेलं, चोच मावेल एवढीच फट ठेवलेली. धनेश तिथूनच तिला घास भरवी.

शेजारची साळुंकी म्हणाली, "अगंबाई वहिनी, हे घर आहे की कोठडी? जरा उजेड येऊ द्या की!"

धनेशिणीच्या मनानं घेतलं. तिनं हट्ट धरला, तेव्हा धनेशानं फट फोडून चांगली वीतभर केली. ऊन थेट अंड्यांवर पडलं.

दुसऱ्या दिवशी तिथूनच वानराचा हात आत आला आणि दोन्ही अंडी घेऊन गेला.

संध्याकाळी धनेश आला, डोकावला आणि बाहेर फांदीवरच बसला.

"आत या की," धनेशीण हळूच म्हणाली, "आता जागा आहे."