तिसऱ्या तासाला बंद पडणारे यंत्र

“…मग व्होल्टेज आणखी थोडं वाढवू का, अप्पा?”

वीरेशने आपला संगणक मठाच्या ओसरीवर आणून ठेवला होता आणि आजवर केलेले उपाय तो एकामागून एक सांगत होता. चन्नय्या अप्पा दीक्षेपूर्वी तंत्रशाळेत संगणकदुरुस्ती शिकवत. त्यामुळे हा प्रश्न मठात येणे अप्रस्तुत नव्हते.

वीरेशने स्वतः जोडलेल्या या यंत्राचा प्रोसेसर कारखान्याने ठरवलेल्या वेगाच्या पुष्कळ पुढे नेला होता. यंत्र डगमगले म्हणून व्होल्टेज वाढवले. त्याने ते तापले म्हणून मोठा पंखा बसवला. पंखा आहेच, म्हणून वेग पुन्हा चढवला.

सोमवारी त्याला आपला ॲनिमेशनपट कला महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी पाठवायचा होता. वयाच्या अटीनुसार हे शेवटचे वर्ष. अखेरचे दृश्य रेंडर व्हायला, म्हणजे संगणकाने त्याची एकेक चौकट घडवून चित्रफीत पुरी करायला, पाच तास लागणार होते आणि तिसऱ्या तासाला पडदा काळा होत असे. आज शनिवार होता.

“आमच्या ग्रुपमध्ये एवढा वेग कुणाचाच नाही,” वीरेश म्हणाला. “पडद्यावरच्या आकड्याचा फोटो आहे माझ्याकडे.”

“टिकला किती वेळ?”

“फोटो निघेपर्यंत…”

“मग फोटो काढणारा चपळ म्हणायचा.”

वीरेश ओशाळला. अप्पांनी विचारले, “हे शेवटचं नीट कधी चाललं होतं?”

तो उत्तर देऊ लागला आणि अडखळला. पंखा बसवण्यापूर्वी? की मेमरीचा वेग बदलण्यापूर्वी? एकेका दिवशी त्याने चार-चार गोष्टी बदलल्या होत्या.

“आठवत नाही…”

अप्पांनी वीज बंद केली, वायर काढली, खोक्याची एक बाजू उघडली. नखाने मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी उचकटून तळहातावर घेतली. ती काढली की यंत्र त्याला वेगाबद्दल आणि व्होल्टेजबद्दल दिलेल्या सगळ्या सूचना विसरते, हे वीरेशला चांगले ठाऊक होते. त्याने हात पुढे केला, पण उशीर झाला होता.

“सहा महिन्यांची मेहनत होती, अप्पा.”

अप्पांनी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला आणि मूठ मिटून घेतली.

बऱ्याच वेळाने बॅटरी जागेवर गेली. कारखान्याच्या मूळ वेगावर यंत्र सुरू झाले आणि रेंडर लावले गेले. पहिला तास वीरेश आकड्यांकडे पाहून कुढत होता. तिसरा तास आला तेव्हा मात्र तो उठून उभाच राहिला. पडदा उजळच होता. अप्पा तेवढ्यात आत जाऊन पूजा आटोपून आले.

साडेसहा तासांनी, दिवेलागणीच्या आधी, दृश्य पुरे झाले. वीरेशने ते दोनदा पाहिले. मग पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले आणि वरच्या खिशात ठेवून खिशाची गुंडी लावली.

जाताना तो उंबऱ्याशी घुटमळला.

“म्हणजे वेग वाढवूच नये…”

“असं कोण म्हणालं?”

“तुम्हीच तर सगळा पुसलात.”

अप्पांनी संगणकाची उघडी बाजू लावून दिली, तिचे स्क्रू आवळले.

“वाढव की. आता तुला परत यायची वाट ठाऊक आहे.”