कांडीत कोंडलेली झोप

एका राज्यात झोप नव्हती. बाकी सगळे होते. धान्य होते, दूधदुभते होते, हत्ती होते, हत्तींवर बसायला माणसे होती. पण कुणाचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. गवळणी दह्यात मीठ समजून राख घालीत, न्यायाधीश फिर्यादीलाच दंड करीत, आणि कुणी भांडायला उठलेच तर दोन शिव्यांत दमून खाली बसे. अहो, भांडायलासुद्धा माणूस निजून उठलेला लागतो!

हे सारे राजा उदयसेनाच्या हौसेपायी झाले. पहाट व्हायच्या आधीच नौबत झडावी, अशी टूम त्याने काढली. डोंगरात धूम्रकेश नावाचा मांत्रिक वर्षभराचे तप संपवून नुकताच आडवा झाला होता. तो दचकून उठला आणि तडक दरबारात आला.

"राजा, माझी झोप मोडलीस. आता तुझ्या राज्याची झोप माझी."

असे म्हणून त्याने साऱ्या राज्याची झोप धुरासारखी वर ओढली, तिची काजळी धरली, सरसात मळली आणि तिची काळी कांडी वाळवली. कांडीशेजारी एक दगडी पाटी ठेवली, केसांचा कुंचला ठेवला, तीन पातळ कागद ठेवले.

"ही चीन देशाची रीत. कांडी पाण्यात उगाळा, शाई करा, एक आडवी रेघ ओढा. रेघ काळीभोर, अखंड उमटली की झोप सुटेल. वर्षाला एकच कागद. कृती माझ्या खांद्यावरची ही साळुंकी इथे राहून सांगेल."

मांत्रिक गेला. साळुंकी परदेशची, तिला शाप लागू नव्हता. ती भर दरबारात मान पंखात घालून झोपे आणि लोक तिच्याकडे पाहून दात-ओठ खात.

त्याच महिन्यात राणी वेणुमतीला मुलगी झाली. इंदुलेखा तिचे नाव. जन्मली तशी जागीच.

पहिल्या वर्षी राजा बसला. जन्मभर बोरूने हुकूम खरडलेला माणूस. त्याला वाटले, यात काय मोठेसे! उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. त्याने पाटीवर पेलाभर पाणी ओतले.

"महाराज, थेंब सांगितला होता," साळुंकी म्हणाली.

"थेंबाने राज्य निजते काय?"

शाई कसली, राखेचे पाणी झाले. कागदावर रेघ टेकताच पसरली. गोठ्यातल्या म्हशी तेवढ्या घटकाभर पेंगल्या, आणि राज्याचे एक वर्ष गेले.

दुसऱ्या वर्षी सेनापती भीमकेतू बसला. पाणी त्याने थेंबानेच घेतले, पण कांडी अशी दाबली की पाटी किंचाळली. शाईत कण आले, रेघेत खडे आले, कागद फाटला. ज्यांना डुलकी लागली त्यांना अशी स्वप्ने पडली की ते बोंबलत उठले. "नको रे बाबा ती झोप," म्हणत लोक पुन्हा जागे राहिले.

तिसरे वर्ष आले. कांडी नखाएवढी उरली, कागद एक उरला. इंदुलेखेच्या डोळ्यांचे निखारे झाले होते, हातापायांच्या काड्या. राजवैद्य खाली मान घालून म्हणाला, "राणीसाहेब, राजकन्या पुढचे वर्ष पाहणार नाहीत."

तिसऱ्या प्रहरी राणी चौरंगाशी बसली. तीन वर्षे पोरीला खांद्यावर घेऊन तिने महाल पालथा घातला होता. नखाएवढी कांडी उचलायलाही तिने दोन्ही हात लावले.

"राणीसाहेब, आपल्या हातांत जोर नाही," भीमकेतू म्हणाला.

"जोर होता तेव्हा काय झाले, सेनापती?"

त्याने पाटी तिच्यापुढे सरकवली.

साळुंकी सांगू लागली. मागची शाई वाळून कुंचला ताठ झाला होता. राणीने तो कोमट पाण्यात मऊ होऊ दिला. पाटीवर थेंब टाकला, कांडी उभी धरली, गोल फिरवू लागली. पोर गुडघ्याशी किरकिरत होती. राणीला घाई झाली, पाटी कुरकुरली.

"दाबू नका."

"अगं, माझी लेक मरते आहे!"

"म्हणूनच दाबू नका."

राणी रडली. रडत रडत फिरवीत राहिली, थेंबामागून थेंब टाकीत राहिली. हळूहळू खांदा गळाला, मनगट गळाले, बोटांत कांडी पडू नये एवढाच जीव उरला.

"आता माझ्याच्याने होत नाही गं."

"आता होते आहे," साळुंकी म्हणाली. "आजारी माणसाच्या हातानेच ही उगाळावी. धडधाकट हात तिला ओरबाडतो."

पाटी गप्प झाली होती. शाई तेलासारखी दाटली, कापरासारखा वास सुटला. राणीने कुंचला बुडवला, उभा धरला, उरलेसुरले बळ एकवटून टेकवला, ओढला, थांबवला. रेघ काळीभोर उमटली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

ती वाळायच्या आत राणीचे डोके चौरंगावर टेकले.

इंदुलेखा घाबरली. मिटलेले माणूस तिने जन्मात पाहिले नव्हते. तिने आईला हलवले, गाल ओढला, मग ओठ काढून विचारले, "आईला काय झालं?"

"काही नाही, बाळे. निजली," साळुंकी म्हणाली.

"डोळे परत उघडेल?"

"उघडेल."

"मला भीती वाटते."

"पहिल्यांदा वाटतेच. कुशीत शीर आणि मिटून बघ."

पोरीने एक डोळा मिटला, उघडून आई आहे ना ते पाहिले, मग दोन्ही मिटले. तिच्यामागून राजा सिंहासनावर कलंडला, सेनापती आपल्या ढालीवर, बाजार दुकानांत, पहारा वेशीवर. डोंगरात धूम्रकेशानेही कूस बदलली.

राजा जागा झाला तो अनवाणी डोंगरावर गेला आणि नौबतीच्या टिपऱ्या गुहेच्या दारात आवाज न करता ठेवून आला. पुढे त्या राज्यात ऊन अंगणात आल्यावरच नौबत झडे.

पण महालात सर्वांआधी राणीला जाग आली होती. शेजारी लेक डोळे मिटून पडलेली. तिनेही ते डोळे कधी मिटलेले पाहिले नव्हते. तिने पोरीच्या नाकाशी बोट धरले. श्वास चालू होता. तेवढ्यात पोरीने झोपेत पाय उचलून आईच्या पोटावर टाकला. राणी हलली नाही. तिच्या पायाला मुंग्या आल्या, दुपार कलली, दासी दोनदा जेवायला बोलावून गेल्या, तरी ती हलली नाही.