ज्याची मूठ, त्याची हाक

खूप खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा गावांना नावं होती, पण ती लिहून ठेवायची कुणाला गरज वाटत नव्हती. मुलांनो, ऐका, आणि मुलांच्या आडून कान देणाऱ्या आजोबांनो, तुम्हीही ऐका.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्याला एकच वेड होतं, पायानं खेळायचा चेंडू. आज तुम्ही त्याला फुटबॉल म्हणता. तेव्हाचा चेंडू चामड्याचा असे, आत कापूस ठासलेला. मैदानाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन बांबू रोवत, त्याला वेस म्हणत. आणि वेशीतून चेंडू जाऊ न देणारा तो राखणदार. दरवर्षी शेजारच्या गावाशी सामना होई. जे गाव आपले गडी उतरवू शकणार नाही, त्याचं मैदान कायमचं दुसऱ्या गावाच्या गुरांना चरायला जाईल, असं दोन्ही गावांत ठरलेलं होतं.

सामन्याआधी महिनाभर गडी कामाला जात नसत. त्यांना खाऊ घालायचं काम गावाचं. त्यासाठी रोज सकाळी पोतं घेऊन फेरी निघे. घर मोठं असो की लहान, एका घराची एकच मूठ धान्य.

या फेरीचे दोन नियम होते. ज्या घराची चूल पेटलेली दिसेल, त्याच घराची मूठ घ्यायची. आणि ज्यानं मूठ दिली, त्यानंच मैदानाच्या कडेला उभं राहून गड्यांना हाक मारायची. दुसऱ्या नियमाचं कारण शेंबड्या पोरालाही कळत होतं. पहिल्याचं कारण कुणालाच आठवत नव्हतं. आणि कारण विसरलं की नियम पाळायचा माणसाला कंटाळा येतो, हे काय मी तुम्हाला सांगायचं?

फेरीचा पुढारी होता हैबती. त्याचा आवाज असा, की त्यानं हाक मारली तर शिवारातले बैलही थबकत. गावाचा राखणदार म्हणजे त्याचाच एकुलता एक मुलगा, सुभान. सुभान वेशीत उभा राहिला की बापाच्या हाकेकडे त्याचा कान असे. "सुभान्या, डावीकडं!" अशी हाक आली की तो न बघता डावीकडे झेपावे, आणि चेंडू त्याच्या हातात असे.

त्या वर्षी पीक बुडालं. मुठी लहान झाल्या. शेवटच्या आळीत चिमाई नावाची म्हातारी होती. ती गाडग्यात कोपरापर्यंत हात घालून नाचणी शोधत बसे.

"जरा दम धर, हैबती. तळाला गेलीया, हात पोचंना."

"आजी, तुझ्या मुठीवर एक चिमणी जगायची नाही," हैबती म्हणे.

"चिमणी न्हाई जगली तर न्हाई. पर माज्या किसनाला हाक तर मारता यील मला." किसना तिचा नातू, गड्यांतला सगळ्यात लहान.

पोतं काही भरेना. सामना जवळ आला आणि पोरांना धावताना भोवळ येऊ लागली. मैदान जाणार, गावाची लाज जाणार, या काळजीनं हैबतीची झोप उडाली.

एका टळटळीत दुपारी तो ओढ्यापलीकडे गेला. तिथं एक ओसाड वाडी होती. हैबतीच्या आजाच्या काळात पटकीच्या साथीनं तिथलं एकूण एक माणूस नेलं होतं. त्या बाजूला कुणी गुरंही नेत नसे. आज मात्र वाडीची सगळी दारं अर्धी उघडी होती, आणि प्रत्येक दारात एकेक भरलेलं पोतं होतं.

पहिल्या दाराआडून आवाज आला, "पोरं उपाशी खेळनार व्हय? आमचंबी घ्या की."

"कोण तुम्ही?" हैबतीनं विचारलं.

"खेळ बघनारी मानसं. हाक मारायची लई हौस हाय आमाला. लई वर्सांत मारली न्हाई."

हैबतीची नजर छपरांकडे गेली. एकाही घरातून धूर निघत नव्हता. त्यानं नजर खाली वळवली आणि पहिलं पोतं खांद्यावर घेतलं.

गावात आल्यावर त्यानं सांगून टाकलं, "फेरी बंद! यंदा कुणाची मूठ नको." लोकांना हायसं वाटलं. एकटी चिमाई रोज सकाळी मूठ घेऊन दारात उभी राही आणि उन्हं चढली की ती मूठ पदराच्या गाठीला बांधून आत जाई.

ते धान्य अंगणात सांडलं तर चिमण्या त्याच्या भोवतीनं उड्या मारत, चोच मात्र लावत नसत. मुंग्याही वळसा घालून जात. हैबतीच्या घरी चार दाणे उरले नव्हते, म्हणून त्यानं एक पोतं स्वतःच्या कणगीतही ओतलं.

पोरं मात्र धष्टपुष्ट झाली. ती दमेनात, त्यांना घाम येईना. सुभानची आई जेवायला बोलवी, तर तो समोर असूनही ओ देत नसे. ओढ्याच्या दिशेला कान लावून उभा राही.

"अवं, पोराचं काय बिनसलंय बगा की," ती हैबतीला म्हणाली.

"खेळात ध्यान हाय त्याचं," हैबती म्हणाला. पण त्या दिवशी तो ताट अर्धवट सोडून उठला.

सामन्याचा दिवस उजाडला. सगळं गाव मैदानाच्या कडेला जमलं. चेंडू उडाला, लोकांनी ओरडायला तोंडं उघडली, आणि एकाच्याही गळ्यातून आवाज फुटला नाही. तरी मैदान हाकांनी दणाणत होतं. हाका ओढ्याकडच्या रिकाम्या काठावरून येत होत्या. तिथं गवत वाकलेलं होतं, जणू दाटीवाटीनं कुणी उभं असावं.

शेजारच्या गावाचे गडी घाबरून पळाले. सामना जिंकला होता, मैदान राहिलं होतं. पण आपली पोरं थांबेनात. समोर कुणी नसताना ती खेळत राहिली, आणि सूर्य कलला तसा चेंडू ओढ्याकडे सरकू लागला. पोरं त्याच्यामागे निघाली.

चिमाई पुढे झाली. तिनं पदराची गाठ सोडली आणि मूठभर नाचणी कडेला पडलेल्या रिकाम्या पोत्यात टाकली.

"किसना! घरी चल रं, बाळा!"

साऱ्या गावात तेवढाच आवाज उमटला. किसना थबकला, मटकन खाली बसला आणि रडू लागला. "आज्जे, भूक लागलीया."

मग लोकांच्या डोक्यात प्रकाश पडला. जो तो घराकडे धावला. कुणी मूठभर ज्वारी आणली, कुणी बियाण्याचे हुलगे. मूठ पडे, गळा मोकळा होई, हाक जाई. एकेक पोर मागे वळलं.

हैबतीही धावला. कणगीत त्यानं हात घातला आणि त्याला आठवलं. वर, खाली, तळाला, सगळीकडे त्याच वाडीचं धान्य होतं. स्वतःचा म्हणावा असा एक दाणा त्याच्या घरात नव्हता.

तो रिकाम्या हातानं परत आला तेव्हा सुभान ओढ्याच्या काठाशी पोचला होता. सगळं गाव त्याला हाका मारत होतं. सुभाननं वळून पाहिलंही. पण त्याचा कान एकाच आवाजाकडे होता. तो बापाकडे बघत उभा राहिला.

हैबतीनं तोंड उघडलं. ज्या गळ्यानं बैल थबकत, त्यातून हुंकारही निघाला नाही.

आणि पलीकडून, हुबेहूब हैबतीच्या आवाजात, कुणीतरी म्हणालं, "सुभान्या, हिकडं!"

पोरानं न बघता त्या बाजूला झेप घेतली.

पुढच्या हंगामात हैबतीनं स्वतःच्या शेतातली पहिली मूठ पोत्यात टाकली, आणि त्याचा आवाज परत आला. तेव्हापासून तो रोज सकाळी दारोदार फिरे, प्रत्येक चूल वाकून बघे, आणि चिमाईच्या दारात ती हात घालून दाणे शोधेपर्यंत गप्प उभा राही. दिवस कलला की तो ओढ्यावर जाई आणि मुलाला हाक मारी.

पलीकडून ओ येई. सुभान कधी आला नाही.

म्हणून लक्षात ठेवा: आपल्या लेकरांसाठी मूठ लहान असली तरी आपल्याच चुलीची द्यावी, कारण ज्याच्या मुठीवर ती वाढतात, त्याच्याच हाकेला ती जातात.