बाई जागेवर आहेत

त्या राज्यात चौथ्या ऋतूतही धूळ खाली बसली नव्हती. ती पश्चिमेकडून आली होती आणि तळ्यांवर, झाडांवर, पिलांच्या डोळ्यांवर साचून राहिली होती. अशा दिवसांत कुणी जोडी जमवत नव्हते, कुणी अंडी घालत नव्हते, आणि म्हणून कुणाला घरटे नको होते.

तळ्याकाठच्या बाभळीवर घरटी विणण्याचा एक कारखाना होता. ज्यांना स्वतःला विणता येत नाही अशा पक्ष्यांसाठी तिथे सात सुगरणी काम करत. कारखाना एका चक्रवाकीने उभा केला होता. तिला स्वतःला साधी गाठही मारता येत नसे. पण कुणाला कसले घर हवे आहे हे तिला दोन शब्दांत कळे, आणि सात जणींचा दाणा तिने एकदाही चुकवला नव्हता. सुगरणी तिला बाई म्हणत.

धूळ येण्याच्या आदल्या ऋतूत चक्रवाकी डोंगरांपलीकडे गेली. दरवर्षी ती जाई आणि परत येई. त्या वर्षी मात्र तिच्या जोडीदाराचा पंख तिकडे मोडला, आणि त्याला एकट्याला टाकून येणे तिला जमेना. तिने एका धोबी पक्ष्याबरोबर निरोप धाडला की आपण आता इकडेच राहू, कामे इकडून मिळवून देऊ, आणि कारखाना भागाने सांभाळावा. भागा ही सातांतली थोरली. तिने तो सांभाळला, आणि पहिले काही महिने काही बिघडलेही नाही.

मग धूळ आली. डोंगरांच्या खिंडी दिसेनाशा झाल्या, धोबी यायचे थांबले, कामे थांबली.

दरबार अगदीच निष्ठुर नव्हता. कामगार पांगले तर धूळ बसल्यावर राज्य पुन्हा उभे कोण करणार, ही काळजी तिथेही होती. म्हणून दवंडी फिरली, की जो कारखाना आपल्या कामगारांना काढणार नाही, त्याच्या प्रत्येक कामगाराला सरकारी कोठारातून रोज अर्धे माप धान्य मिळेल. भागा त्याच दिवशी कचेरीत गेली.

कचेरीत एक म्हातारे कासव होते. त्याने कारखान्याची नोंद काढली, सातही नावे वाचली, कुणीही कामावरून काढलेली नाही हे पाहून समाधानाने मान हलवली. मग त्याने विचारले की प्रमुख कुठे राहतात. भागाने खरे ते सांगितले. कासवाने नोंद मिटली.

"प्रमुख राज्यात राहणारा हवा," ते म्हणाले.

"पण साहेब, दाणा आम्हाला हवाय. आणि आम्ही सातही जणी इथंच आहोत."

"ते मला दिसतंय. पण नोंदीत तुम्ही बाईंच्या मागे आहात. पुढची जागाच रिकामी असली, तर मागची रांग मी कुठून मोजू?"

भागाने पुष्कळ विनवले. बाई गेल्या तेव्हा धूळ नव्हती, असा नियमही नव्हता, हे सगळे तिने सांगितले. कासवाने शेवटपर्यंत ऐकून घेतले, कारण ऐकून घेणे हे त्याचे कामच होते. ती निघाली तेव्हा ते जणू स्वतःशीच म्हणाले, की तपासायला बगळा येतो, तो पलीकडच्या काठावरून पाहतो, आणि प्रमुख जागेवर दिसला की नोंद करून निघून जातो.

हे भागाने कुणाला सांगितले नाही. तिने वाट पाहिली. एका भटक्या घारीबरोबर तिने डोंगरांकडे निरोप दिला. घार परतली नाही. सातांतल्या दोघी जंगलाकडे निघून गेल्या. मग उरलेल्या पाचांतल्या सोनकीचे एकुलते पिलू एका सकाळी उठले नाही. सोनकीने त्याला गवतात गुंडाळले, आणि ते करताना तिच्या चोचीने सवयीने इतकी सुबक वीण घातली की बघणाऱ्यांना बघवेना. त्या दुपारी भागाने उरलेल्या चौघींना जवळ बोलावून बगळ्याची गोष्ट सांगितली.

त्या पाच दिवस विणत होत्या. गवताचे पोट, गवताची मान, किंचित डावीकडे कललेले डोके, कारण बाई ऐकताना तसे करत. कोठीच्या तळाशी पळसाची वाळलेली फुले होती. ती चुरून त्यांनी रंग दिला. मग चक्रवाकी बसे त्या उंचवट्यावर तिला बसवले. धुळीतून ती हुबेहूब दिसत होती. तानी नावाची सुगरण तिच्याजवळून जाताना नकळत आवाज खाली आणू लागली.

बगळा आला. तो स्वतः तासन्‌तास न हलता उभा राहणारा. हे न हलणे त्याला पदाला शोभेसे वाटले. त्याने नोंद केली: प्रमुख उपस्थित. दुसऱ्या दिवशी दरबाराचा खेकडा एक लोखंडी कडे घेऊन आला. प्रमुख राज्याबाहेर जाऊ नयेत म्हणून प्रत्येकाच्या पायात ते ठोकायचे असे. खेकडा जमिनीकडे बघतच चालला, समोर आलेल्या पायात त्याने कडे ठोकले, आणि तसाच तिरका निघून गेला. संध्याकाळी पाच अर्धी मापे धान्य आले.

चक्रवाकी परत आली ती असे बरेच दिवस गेल्यावर. जोडीदार गेला होता. तिकडे थांबायला काही उरले नव्हते, म्हणून ती भलत्या ऋतूत, धुळीतून, चुकत चुकत आली होती. ती बाभळीखाली उतरली आणि उंचवट्यावर बसलेल्या स्वतःकडे बघत राहिली.

भागाने तिला सगळे सांगितले. सोनकीच्या पिलाचेही सांगितले. चक्रवाकी मान कलती करून ऐकत होती.

"पिलू गेलं तेव्हा मी इथं हवी होते," ती म्हणाली.

"तुम्ही असता तर दाणा आला असता, बाई," भागा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच चक्रवाकीला सोसले नाही.

त्यांनी कडे काढून तिच्या पायात चढवायचा प्रयत्न केला. गवताच्या पायातून ते सहज निघाले. पण तिच्या बोटांमधला पडदा त्यातून जाईना. फोडले तर दरबाराची खूण मोडणार होती, आणि बगळा आता आधी पायातले कडेच पाही. कडे पुन्हा गवताच्या पायात गेले, आणि चक्रवाकी कचेरीत गेली.

कासवाने तिला ओळखले. तिचे बोलणे त्याने नेहमीसारखे पूर्ण ऐकले. मग हळू आवाजात सांगितले, की नोंदीप्रमाणे बाई कुठे गेलेल्याच नाहीत, त्यामुळे त्या परत आल्या असे लिहिता येणार नाही. लिहायचेच तर इतके दिवस उंचवट्यावर कोण होते हेही लिहावे लागेल, आणि मग त्या पाच जणींना राज्यात ठेवता येणार नाही. एका प्रमुखाला दुसरे कडेही नसते.

"मग मी कोण?" चक्रवाकीने विचारले.

कासवाने थोडा वेळ मान आत घेतली. ती बाहेर काढल्यावर ते म्हणाले, "बाहेरून आलेल्यांना ऋतू संपेपर्यंत थांबता येतं."

ती तळ्याच्या कडेला, लव्हाळ्यात राहू लागली. सुगरणी आपल्या अर्ध्या मापातून तिला दाणे आणून देत, आणि ती नको म्हणे. कधी ती उंचवट्याजवळ जाई, गवताची मान जरा ताठ झाली आहे असे सांगे. भागा ती सैल करून देई.

मग तळ्यावर वारा सुटला. धुळीच्या घासण्याने गवतावरचा रंग उडू लागला. पुढच्या खेपेला बगळ्याने लिहून ठेवले: प्रमुख फिकट दिसतात, प्रकृती पाहावी, पुन्हा येणे. पळसाची फुले संपली होती, आणि झाडांना नवी आलीच नव्हती. बगळा परत येणार असा निरोप आला तेव्हा भागा कोठीच्या तळाशी चोचीने नुसतीच माती उकरत होती.

चक्रवाकी लव्हाळ्यातून बाहेर आली. ती गवताच्या चक्रवाकीच्या पाठीमागे बसली, जिथून ती पलीकडच्या काठाला दिसणार नव्हती, आणि तिने आपली चोच स्वतःच्या छातीत खुपसली. पहिले केशरी पीस तिने भागापुढे ठेवले. भागाने ते उचलले नाही.

"वीण," चक्रवाकी म्हणाली. "मला ते येत नाही."

भागाने विणायला सुरुवात केली. मग इतर चौघीही आल्या. छाती झाली, पाठ झाली, मानेला पिसे थोडी कमी पडली तेव्हा चक्रवाकीने पंखाखालची दिली. दुपारपर्यंत उंचवट्यावरची बाई वाऱ्यात हलकेच फुलू लागली होती, श्वास घेत असल्यासारखी.

बगळा आला. त्याने बराच वेळ पाहिले. त्याने लिहिले: प्रमुख उपस्थित, प्रकृती उत्तम. मग त्याची नजर लव्हाळ्याकडे गेली. तिथे अंगावर पीस नसलेला, लालसर कातडीचा एक पक्षी पाण्यात थरथरत उभा होता.

"ते कोण?" त्याने पलीकडून विचारले.

लव्हाळ्यातल्या पक्ष्याने मान किंचित डावीकडे कलती केली होती.

"बाहेरची आहे," भागा म्हणाली. "ऋतू संपेपर्यंत आहे."

बगळ्याने तेही लिहून घेतले.