रेतलीचा हलका कामठा

फार वर्षांपूर्वी सातपुड्यात, उदाई नदीच्या काठी, पोरांना पहिला तीरकामठा द्यायची एक रीत होती. आजोबांचा कामठा भिंतीवरून काढायचा आणि दहा वर्षांच्या पोराच्या हातात द्यायचा. पुरता ओढला तर तिरंदाज. नाही ओढला, तर जन्मभर मचाणावर बसून पाखरं हाकायची. बाप्या माणसाच्या दंडासाठी केलेला कामठा लेकराला ओढवेल कसा, हे एकाही म्हाताऱ्याला सुचलं नाही. सुचलं असेल तर बोलला नाही.

दहा वर्षांच्या रेतलीला तो ओढवला नाही. गावकारभारी हुण्याआजा सगळ्यांदेखत हसला, आणि ती मचाणावर गेली.

मचाणावर वेळ पुष्कळ. तिने जून बांबूची चीप काढली, चुलीवरच्या धुरात वाळवली, कोयत्याने तासली. ओढून धरायची, दहा श्वास मोजायची. हात थरथरला की आणखी तासायची. दहा पावलांवर गोवरी ठेवून नेम धरायची. दहाही बाण लागले की एक पाऊल मागे. पाखरावर मात्र कधी बाण सोडला नाही. रोज संध्याकाळी दोरी उतरवायची, आणि दरसाल थोडा कडक कामठा करायची.

"हा कामठा की कापूस पिंजायची धनुकली?" हुण्याआजा विचारायचा.

"तुमची गादी आणा, पिंजून देते."

सहाव्या वर्षी उदाई डोंगर ढकलत आली, असं म्हणतात. रानभाजीला गेलेल्या सात बाया मधल्या खडकावर अडकल्या. त्यांत रेतलीची आई होती. बाणाला सूत बांधून खडकापर्यंत पोचवलं असतं, तर सुतामागून दोर ओढून घेता आला असता. म्हातारे आपापले कामठे घेऊन धावले. पण ते मानाचे म्हणून वर्षानुवर्षं दोरी चढवूनच भिंतीला टांगलेले. बांबूत जीवच उरला नव्हता. दोघांचे बाण पाण्यात पडले. हुण्याआजाचा कामठा ओढताच तडकला.

पाणी बायांच्या कमरेला लागलं.

रेतलीने दोरी चढवली.

"त्या धनुकलीने काय होणार?" हुण्याआजा पुटपुटला.

"बाजूला व्हा, आजा. माझी आई आहे तिकडे."

तिने श्वास धरला. असं म्हणतात, नदीनेही धरला. बाण सुटला, अर्ध्यावर सुताच्या भाराने झुकला, तेव्हा सहा वर्षं तिने हाकलेली पाखरं थव्याने उतरली आणि सूत चोचीत धरून खडकापर्यंत घेऊन गेली. दोर बांधला गेला. सातही बाया दोराला धरून काठाला लागल्या.

हुण्याआजाने तिला शाबासकी दिली नाही. तेवढं मोठं मन त्याचं नव्हतं. पण आठवड्याने तो नातीला घेऊन मचाणाखाली आला. "हिला कुठला देऊ?"

"मला काय विचारता? तिच्या हाताला विचारा. थरथरला तर तासा."

गावकारभारी सगळ्यांदेखत मातीत बसला आणि दिवस कलेपर्यंत तासत राहिला.

आजही तिथे पोराचा पहिला कामठा घरातला सर्वांत थोर माणूस तासतो, तोही खाली बसून. पोर दहा श्वास मोजतं. हात थरथरला तर म्हाताऱ्याने निमूट पुन्हा कोयता उचलायचा. आणि दिवेलागणीला घराघरांतून हाक येते, "रेतलीला निजवलं का रे?" मग पोरं उठतात आणि कामठ्याची दोरी उतरवतात.